पहिली ओळ कुणाची

निवेदन करणारी मुलगी कागद-पेन घेऊन रंगपटात आली आणि तिनं साधाच प्रश्न विचारला. "'दार नुसतं लोटलंय' कुणी लिहिलं?"

"हिनं," ताई म्हणाल्या.

"यांनी," वहिनी त्याच क्षणी म्हणाली.

नणंद-भावजयींची ही जोडी चाळीस वर्षं गात होती. दोघी लिहायच्या, दोघी चाली लावायच्या आणि कुठलं गाणं कुणाचं हे बाहेर कधी सांगायच्या नाहीत. आपसात मात्र एक रिवाज होता. जिचं गाणं, तिनंच पहिली ओळ उचलायची.

मुलगी गोंधळून निघून गेली. वहिनीची गिटार अर्धवट जुळलेली तशीच मांडीवर राहिली. सव्वीस वर्षांपूर्वी एका गाण्याच्या पट्टीवरून दोघींचं असं काही बिनसलं होतं की वर्षभर बोलणं बंद. ताई आपली पट्टी कुणासाठी सोडणाऱ्यांतल्या नव्हत्याच. आणि एक दिवस त्यांचं गाणं घरी आलं: दार नुसतं लोटलंय, कडी काही घातली नाही. वहिनी ढसाढसा रडली आणि पायात चपला सरकवून थेट ताईंकडे गेली. त्या गाण्याखातर पुढे तिनं त्यांचे सगळे नखरे झेलले. आता ते त्यांचं नाहीच म्हटल्यावर, तेव्हा नमतं घेतलं तरी कुणी?

"ताई, खरं सांगा. तुम्हीच पाठवलं होतंत ना?"

"मी कशाला पाठवू? मलाच आलं, तुझं म्हणून. म्हटलं, आली एकदाची वठणीवर."

"टाइप केलेलं?"

"आपलं सगळंच टाइप होऊन यायचं की."

तेही खरंच. दोघींचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. वहिनीचा नवरा, म्हणजे ताईंचा धाकटा भाऊ बंडू, कचेरीत टंकलेखक होता. तोच गाणी टाइप करून दोन्ही घरी पोचवायचा.

"माझा कागद कार्बनचा होता," वहिनी हळूच म्हणाली. "निळसर, पुसट."

ताईंचा हात पेटीच्या भात्यावर थांबला. "माझ्या कागदावर अक्षरं काळी कुळकुळीत. म्हणजे एकाच वेळी... बंडूनं? त्याला एक ओळ धड गुणगुणता येत नाही!"

वहिनीला हसू फुटलं आणि हसता हसता रागही आला. मग तिला आणखी एक उमगलं. या गाण्याआधी स्टेजवर नेहमी शांतता पसरायची. एका समीक्षकानं त्या शांततेवर रकानाभर लिहिलं होतं. प्रत्यक्षात ती ताईंसाठी थांबलेली असायची आणि ताई तिच्यासाठी. शेवटी वैतागून दोघी एकदमच सुरू करायच्या.

कार्यक्रमाचं शेवटचं गाणं आलं. बंडू पहिल्या रांगेत, मांडीवर दोघींच्या पाण्याच्या बाटल्या. दोघी त्याच्याकडे बघत राहिल्या. त्यानं आधी मागे वळून पाहिलं, मग त्याचे कान लाल झाले आणि तो जोरजोरात नकारार्थी मान हलवू लागला.

"अहो," वहिनी माइकवरच म्हणाली, "तुमचं गाणं आहे. तुम्हीच सुरू करा."

तो उठला. बाटल्या छातीशी तशाच. सूर कुठल्या कुठे लागला, पेटीशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. लोक हसले. वहिनीनं धास्तावून ताईंकडे पाहिलं.

ताईंनी मुकाट्यानं पट्टी बदलली.