भिमी कोणाची?

“भिमी आमची!” धसईच्या एसटी थांब्यावर धाकलूने चारचौघांत सांगून टाकलं.

“तुमची कशी? परवाच्या ऐतवारी आमच्या प्रार्थनेत पुढंच बसली होती,” अनंता उसळला.

दोघंही येशूची सुवार्ता सांगत फिरणारे. धाकलू मुरबाडच्या चर्चच्या मंडळीचा, अनंता शहापूरच्या मंडळीचा. वैशाखरे गावामागच्या डोंगरात, भिमीच्या वाडीवर धाकलू बुधवारी चढायचा, अनंता रविवारी. आपली माणसं वेगळी, त्याची वेगळी, असंच दोघं धरून चालले होते. भांडण दोन्ही मंडळ्यांच्या पाळकांच्या कानी गेलं. दोन्हीकडून एकच हुकूम आला: इथून पुढं मिळून काम करा, पहिली प्रार्थना एकत्र घ्या.

धाकलूची एकोणीस माणसं. अनंताची वीस, कारण तो बुधूचं तान्हं पोरही मोजायचा. एकत्र प्रार्थनेच्या दिवशी वाडीवर चाळीसेक जणांचा भात शिजला. आली एकोणीस आणि ते तान्हं.

“बाकीची कुठं गो?” धाकलूने विचारलं.

“बाकीची कोन?” म्हातारी भिमी पदराआड हसली. “बुधवारी बी आमीच, ऐतवारी बी आमीच.”

“अगो, मंग सांगायचं नाय?”

“तुमी येवढा डोंगर चढून येतां रे मामा. कोनी नाय भेटला तर तुमाला वाईट नाय वाटायचं?”

धाकलूचं तोंड बघण्यासारखं झालं. दोन वर्षं तो मुरबाडला छाती फुगवून आकडा सांगत होता. आपण यांना सांभाळतो म्हणे! आणि इथं हीच माणसं आळीपाळीनं आपल्याला सांभाळत होती.

भिमीने उरलेल्या भातावर सगळी वाडी बोलावली. हात धुता धुता म्हणाली, “बुधवारी दोघंबी या. येताना कुदळी घ्या. ओहळावर गोण्यांचा बांध घालायचाय, पानी पळतंय.”

बुधवारी ओहळावर आख्खी वाडी उतरली होती. देवळातला पुजारीसुद्धा रेतीच्या गोण्या शिवत होता. दुपारपर्यंत दोघांच्या तळहातांची सालं निघाली, कमरा धरल्या. पण पाणी अडलं, गुडघ्याएवढं चढलं, आणि पोरींनी त्यात कळशा बुडवल्या.

अनंताने हळूच हजेरीची वही काढली. “धाकलूदादा, आज साठ भरले. लिवू?”

धाकलू बांधावर टेकून हाताचे फोड फुंकत होता.

“लिव. पन बरोबर लिव. वाडीची माणसं साठ, आन त्यांच्यात आज नवी आलो आपन दोघं.”