निव्वळ वजन

भेट पहिली. बाळाचा दिवस चौथा.

बाळाचे वजन: २९६० ग्रॅम. (जन्मताना ३२००.)
इतर नोंदी: आजोबा.

'इतर नोंदी'च्या रकान्यात जेमतेम दीड ओळ मावते, म्हणून सिस्टरनी एकच शब्द लिहिला आणि त्याच्याखाली दोन रेघा ओढल्या.

घरोघरी जाऊन बाळंतीण आणि बाळ दोघांना तपासायचं, हे त्यांचं काम. पिशवीत थर्मामीटर, रक्तदाबाचं यंत्र, चिकटपट्टी, कात्री आणि एक टांगायचा स्प्रिंगचा काटा. काटा दाराच्या चौकटीला अडकवायचा, कापडी झोळीत बाळ ठेवायचं, तबकडीवरचा आकडा वाचायचा. एकवीस वर्षांत त्या काट्याबद्दल त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. या घरात बाळ झोळीत जायच्या आतच आजोबांनी विचारलं, याची शेवटची तपासणी कधी झाली.

आजोबांनी चौतीस वर्षं दुकानादुकानांत जाऊन वजनंमापं तपासली होती. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी गल्ली त्यांना काटेसाहेबच म्हणायची, आणि ते भाजी घ्यायला निघाले की दोन दुकानदार चहाला जायचे. स्प्रिंगवर त्यांचा विश्वास नव्हता. स्प्रिंग थकते, असं त्यांचं म्हणणं.

"मीपण थकते," सिस्टर म्हणाल्या. "पण काम बरोबर करते."

बाळ मुलगी होती, चेहरा पेन्शनीत निघालेल्या माणसासारखा. सिस्टरनी तिला तपासलं, आईचे टाके पाहिले, ताप पाहिला आणि मग कॉटच्या कडेला बसून समजावलं. पहिल्या दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतंच, त्यात घाबरण्यासारखं नाही. चौदाव्या दिवसापर्यंत जन्माच्या वजनावर यायला हवं. नाही आलं, तर मोठ्या दवाखान्यात दाखवावं लागेल, कदाचित ठेवूनही घेतील, वरचं दूधही सुरू करतील.

आईने मान डोलावली. तिला दवाखाना नको होता, आणि लेकीला आपणच पाजायचं हे तिने पाचव्या महिन्यातच ठरवलं होतं. दाराबाहेर उभ्या असलेल्या आजोबांनी मात्र एवढ्या सगळ्यातल्या दोनच गोष्टी ऐकल्या. चौदा दिवस. बत्तीसशे.

स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिकटवलेला तक्ता, दिवस पाचवा

सकाळी ७.१०, पाजण्याआधी: २९५५
७.२२, उजवी बाजू झाल्यावर: २९७०
७.३१, शू झाल्यावर: २९४८
७.४०, डावी बाजू: झोपली. नोंद नाही.
(खाली वेगळ्या अक्षरात, आजीच्या: *झोपू द्या तिला.*)

भेट दुसरी. दिवस आठवा.

बाळाचे वजन: २९७०

चार दिवसांत दहा ग्रॅम. शंभराच्या आसपास वाढायला हवं होतं. सिस्टरनी काटा पुन्हा शून्यावर आणला, पुन्हा तोललं. २९७०.

मग त्यांना जेवणाच्या टेबलावरचा तराजू दिसला. पितळी, दोन पारड्यांचा, पुसून लखलखीत. शेजारी वजनं उंचीप्रमाणे शाळेच्या रांगेत उभी. निवृत्तीच्या वेळी आजोबांनी ऑफिसकडून घड्याळ नाकारलं होतं आणि हा मागून घेतला होता.

कधी तोलता, असं त्यांनी विचारलं. आजोबा म्हणाले, वेळच्या वेळी.

सिस्टर म्हणाल्या, पाजताना मी बसते, तुम्ही नेहमीसारखं चालू द्या.

ते नेहमीसारखं असं होतं. आईने बाळाला उजवीकडे घेतलं. बाळ चांगलं धरत होतं, गिळताना आवाज येत होता, सिस्टरना त्यात बोट ठेवायला जागा सापडेना. आठव्या मिनिटाला दारात आजोबांचा खोकला झाला. बाजू झाली का, असा त्याचा अर्थ. बाळाचा बाप, म्हणजे आजोबांचा मुलगा, जो एरवी लिफ्ट दुरुस्त करतो आणि सध्या दोन आठवड्यांच्या रजेवर होता, आत आला आणि बाळाला उचलून टेबलाकडे घेऊन गेला. तिथे टोपी निघाली, झबलं निघालं, लंगोट निघाला. आजोबांना निव्वळ वजन हवं असायचं. एका पारड्यात घडी केलेला टॉवेल, दुसऱ्या पारड्यात त्याच टॉवेलचा जुळा भाऊ, म्हणजे टॉवेलला टॉवेल फिटला. त्यावर उघडं बाळ. बाळाने घर डोक्यावर घेतलं. पारडं हलायला लागलं, आणि हलतं पारडं वाचायचं नाही हा आजोबांचा नियम, म्हणून सगळे बाळ गप्प व्हायची वाट बघत उभे राहिले. आकडा मिळाला, तक्त्यावर चढला, मग लंगोट, झबलं, टोपी. डावीकडे घेईपर्यंत बाळ रडून इतकं दमलं होतं की दोन घोट घेऊन झोपून गेलं.

दिवसातून आठ वेळा पाजणं. प्रत्येक वेळी तीनदा तोलणं.

"चोवीस वेळा कपडे काढले, तर मीसुद्धा वाळेन," आजी दारातून म्हणाली.

आजीचा आकड्यांवर भरवसा नव्हता. लंगोट ती धुवायची आणि दोरीवर किती वाळत पडले ते बघायची. काल चार होते, तिने सांगितलं. सिस्टरनी ते लगेच लिहून घेतलं, कारण दूध पुरत असेल तर दिवसाला सहा तरी हवेत.

फडताळात दुधाच्या पावडरचा डबा होता, न उघडलेला. आजोबांनी तो परवाच आणला होता आणि आधी तोलला होता. डब्यासकट किती भरायला हवं ते डब्यावरच छापलं होतं, त्यापेक्षा सहा ग्रॅम कमी. तक्रार करायची म्हणून तो तसाच ठेवला होता. सहा ग्रॅमचं काय एवढं, थोडी सूट धरतात ना, असं मुलगा म्हणाला होता. सूट ही चोरीची धाकटी बहीण, असं उत्तर त्याला मिळालं होतं, आणि ते त्याला लहानपणापासून पाठ होतं.

आई झोपलेल्या बाळाला थोपटत होती. ती पोस्टाच्या खिडकीवर काम करायची. आता ती सिस्टरकडे बघत म्हणाली, "पार्सलं तोलणं माझं रोजचंच आहे. पण पार्सल रडत नाही हो. आता तिला जवळ घेतलं की मला दूध यायच्या आधी आकडा दिसतो."

आजोबा वजनं नीट लावू लागले, जी नीटच होती.

त्यांना रागवण्यात अर्थ नाही, हे सिस्टरना कळलं होतं. रागावलेले दुकानदार आजोबांनी चौतीस वर्षं पाहिले होते. सिस्टर टेबलाशी गेल्या, पिशवीतून चिकटपट्टी काढली आणि तराजूच्या दांडीभोवती तीन वेढे घातले. पट्टीवर तारीख टाकली, सही केली.

"काटा सील केलाय," त्या म्हणाल्या. "मी येईपर्यंत."

आजोबांनी पट्टी जवळून पाहिली.

"कारण लिहून द्यावं लागतं," ते म्हणाले. "आणि वेळ. एक प्रत ज्याचा काटा त्याला."

सिस्टरनी फॉर्मच्या मागच्या बाजूला लिहून दिलं: *काटा बरोबर आहे. वापर चुकीचा आहे.* आजोबांनी ते दोनदा वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं. आयुष्यात त्यांनी स्वतः कितीतरी काट्यांना सील लावली होती. तोडणारे लोक कसले असतात ते त्यांना माहीत होतं.

सील लावलेले दिवस

नववा. तक्ता कोरा. आजोबांनी टेबलाला दोन फेऱ्या मारल्या. आईने खोलीचं दार आतून लावून घेतलं, लग्नानंतर पहिल्यांदाच दिवसाउजेडी.

दहावा. बाळ दोन्ही बाजू प्याली, असं मुलाने येऊन सांगितलं. किती, असं आजोबांनी विचारलं. मुलगा म्हणाला, पोटभर. हे कुठलं माप, असं त्यांनी विचारलं.

अकरावा. दोरीवर सहा.

बारावा. आजोबा खिडकीशी. आजीने विचारलं काय बघता, ते म्हणाले हवा. दोरीवर सात.

तेरावा. आठ. एक पायमोजा होता, तो त्यांनी वजा केला.

भेट तिसरी. दिवस चौदावा.

आजोबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. काटा सील होता, पण वजनांना कुणी काही केलं नव्हतं. म्हणून सिस्टरनी स्प्रिंगचा काटा अडकवला तशी आजोबांनी झोळीत आपली एकेक किलोची तीन वजनं ठेवली. सुई तीनवर जाऊन थांबली. त्यांनी डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं.

"थकलेली नाही," त्यांनी मान्य केलं.

वजनं काढून बाळ ठेवलं. आईची दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकलेली. दवाखान्यात न्यायची पिशवी तिने सकाळीच भरून दाराशी ठेवली होती, कुणाला न सांगता, आणि ती सगळ्यांना दिसत होती.

सिस्टर म्हणाल्या, काटेसाहेब, तुम्ही वाचा.

आजोबा पुढे झाले, गुडघ्यात वाकले, डोळा तबकडीच्या समोर आणला. सुई हलत होती. बाळ जागं होतं आणि पाय झाडत होतं. हलती सुई वाचायची नाही, म्हणून ते तसेच वाकून थांबले. तेवढ्यात झोळीतून एक धार निघाली आणि इस्त्रीच्या शर्टावर खांद्यापासून खिशापर्यंत ओळ काढून गेली. ते हलले नाहीत. बाळ शांत झालं. सुई शांत झाली.

त्यांनी आकडा पुन्हा एकदा वाचला.

"किती, बाबा?" आईने विचारलं.

"एकतीसशे नव्वद."

दहा ग्रॅम कमी. आईने पिशवीकडे पाहिलं. सिस्टर बोलायला तोंड उघडणार, तोच आजोबा सरळ उभे राहिले. शर्ट टपकत होता.

"जागेवर सांडलेला माल वजनात धरायचा," ते म्हणाले. "तो इथे आहे." त्यांनी खिसा दाखवला. "शिवाय कुठल्याही काट्याला थोडी सूट असते. कायदेशीर."

"सूट," आजी म्हणाली. "चोरीची धाकटी बहीण ना ती?"

"सुधारली," आजोबा म्हणाले. "नांदायला गेली."

मुलगा हसता हसता भिंतीला टेकला. सिस्टरनी आईला सांगितलं की सहा दिवसांत दोनशे वीस ग्रॅम म्हणजे भरपूर. दहा ग्रॅमसाठी कुणी दवाखान्यात जात नाही. पाजणं असंच चालू ठेवायचं. आईने बाळाला झोळीतून काढून छातीशी धरलं आणि पायानेच पिशवी कॉटखाली ढकलली.

निघताना सिस्टरनी कात्री काढली आणि आजोबांकडे पाहिलं. सील लावणाऱ्यानेच काढायची असते, हे आजोबांनी आधीच सांगून ठेवलं होतं. पण त्यांनी कात्री घेतली आणि सुनेपुढे धरली.

तिने तराजूकडे पाहिलं, मग बाळाकडे.

"राहू दे, बाबा. ती बोलायला लागली की तिला विचारून काढू."

आजोबांनी क्षणभर विचार केला. मुदत वाढवायची तर लेखी लागतं, ते म्हणाले, आणि ओल्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. शाई थोडी पसरली होती. आईने एका हाताने बाळ सांभाळत, खिडकीवर दिवसाला दोनशे वेळा करते तशी, खाली झपकन सही केली.

आजोबांनी कागद आणि ओला शर्ट वाळत घालायला बाहेर नेला. दोरीवर जागा होईना. मोजून परत आले तेव्हा म्हणाले, नऊ लंगोट, आणि दहावा शर्ट.