निरसं दूध

"अवं, सोडा तिचा हात! पोरगी काय चोरी करतीया का?"

तानूबाई कबऱ्या शेळीच्या कासेपाशी उकिडवी बसली होती. चार वर्षांची स्वप्नाली तिच्या गुडघ्याला टेकून आ वासून उभी होती. धार तोंडात पडणार, एवढ्यात जोतीरामने नातीला दंडाला धरून मागं ओढलं.

"आजपास्नं निरसं न्हाय. उकळून दे."

"उकाळल्यावर काय ऱ्हातंय त्यात? निस्तं पांढरं पानी! नागेश आसाच वाढला न्हव का?"

नागेश स्वप्नालीचा बाप. लेकाचा तेरावा होऊन दोनच दिवस झाले होते. अंथुर्ण्याच्या शिवारात शाळूची काढणी चालू होती. यांच्या रानातला शाळू तेवढा उभाच वाळत होता.

कालव्याचं पाणी आलं तेव्हा जोतीरामच्या बापाने मेंढरं विकली आणि तो शेतकरी झाला. पण मेंढक्याच्या घराने दूध विकत आणायचं ही लाजेची गोष्ट, म्हणून दावणीला एक शेळी कायम असे. मागच्या आषाढात ती गाभडली. अडकलेलं मेलेलं करडू नागेशनेच उघड्या हातांनी ओढून काढलं. श्रावणात त्याला ताप सुरू झाला. संध्याकाळी हुडहुडी भरायची, पहाटे गोधडी पिळून घ्यावी इतका घाम यायचा, कंबर धरायची. आठ दिवस बरे जायचे आणि पुन्हा तेच. हिवतापाच्या गोळ्या झाल्या. मग टीबी समजून दोन महिने औषध झालं. आणि प्रत्येक तापाला तानूबाई आपला एकच उपाय वाढवीत गेली : दोन्ही वेळ तांब्याभर निरसं दूध.

माघात त्याला बारामतीला दाखल केलं. तिथल्या डॉक्टर पद्माबाईंनी कुठं दुखतं हे विचारून झाल्यावर कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, "घरी जनावरं आहेत? एखादं गाभडलं होतं? दूध तापवून पिता का?"

सहा महिन्यांत हे कुणीच विचारलं नव्हतं. रक्त पुण्याला गेलं. निकाल आला तेव्हा त्यांनी जोतीरामला नागेशच्या कॉटजवळच खुर्ची दिली.

"आबा, हा जनावरापासून माणसाला होणारा ताप आहे. सुरुवातीला कळला असता, तर सहा आठवड्यांच्या औषधाने बहुतेक उतरला असता. आता जंतूंनी हृदयाची झडप धरली आहे. औषधं आजच सुरू करू, पण झडप बदलावी लागेल."

"करडातनं आला का दुधातनं?"

"ते आता सांगता येणार नाही. पण कच्चं दूध घरात कुणालाही देऊ नका. आणि सगळ्यांचं रक्त तपासायला आणा. लहान मुलीचं आधी."

बाई गेल्यावर नागेश छताकडे बघत म्हणाला, "आबा, आयला सांगू नगा. ती जगायची न्हाय."

तानूबाई रोज एसटीने किटली घेऊन यायची. तिची पाठ वळली की जोतीराम दूध मोरीत ओतायचा. रिकामी किटली हलवून ती शेजारच्या कॉटवरच्या बाईला सांगायची, "आज समदं प्याला!" झडपेसाठी पुण्याला न्यायची गाडी सांगितली होती, त्याच्या आदल्या सकाळी नागेश गेला.

स्वप्नाली इतके दिवस आजोळी होती, म्हणून जोतीरामला गप्प राहता आलं. काल सून रोहिणी जाऊन तिला घेऊन आली. वैरण नाही, शेळी काढून टाकू, असं म्हणून त्याने रात्रभर वेळ काढला होता. आता पोर पुन्हा कासेकडे सरकत होती.

"तानू," तो खाली बसत म्हणाला, "नागेशला त्या दुधातनं झालं आसंल."

"कोन म्हनलं?"

"डॉक्टरीनबाई. करडातनं बी आसंल. नक्की न्हाय म्हनल्या. पर पोरीचं रगात उद्याच्याला तपासाय न्यायचं हाय."

तानूबाईने ते 'नक्की न्हाय' ऐकलंच नाही. "त्याला ठावं हुतं?"

"व्हय."

"आन् किटली? मला तर रोज रिकामी मिळायची."

"मोरीत वतायचो. त्योच म्हनायचा, आयला रिकामीच द्या."

लेक गेला त्या दिवशी तिने ऊर बडवून घेतला होता. आज शेळीच्या पाठीवरचा हात तिने हळूच काढून घेतला.

"नगं म्हनायचा वो त्यो. घरी आसताना. दोनदा वकला, तरी मी नाक धरून पाजलं."

तिने शेळी पिळली, पातेलं चुलीवर ठेवलं, जाळ मोठा केला आणि पुढ्यात बसून राहिली. दूध वर आलं, उतू गेलं, निखाऱ्यावर करपलं. तिने नवी लाकडं सारली. स्वप्नाली वाटी घेऊन उभी राहून राहून कंटाळली.

"आत्या, उतरा की आता," रोहिणी म्हणाली. "तीनदा उतू गेलं. तळाला लागलंय बगा."

"ऱ्हाऊ दे," तानूबाई म्हणाली. "आजून वाईच उकळू दे."