चिंचेनं पुसलेलं नाव

मित्रांनो, मला पाहून कोणी हरखत नाही. नखाएवढं मी एक रोमन नाणं, काशाचं, हिरवं पडलेलं. वय दोन हजाराला टेकलं. ज्या खाणीच्या तांब्यातून मी घडलं ती खुद्द सम्राटाची होती. माझ्या एका बाजूला त्याचं डोकं, दुसऱ्या बाजूला त्या खाणीचं नाव. सोन्याची नाणी मिरवली. मी बाजारात झिजलं. ओमानला कसं पोचलं ते विचारू नका, मलाच धड आठवत नाही. माझ्या खाणीतलं दुसरं नाणं मात्र पुन्हा कधी भेटलं नाही.

तिथल्या सहम गावच्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात, गंजक्या किल्ल्यांच्या डब्यात मी जयप्रकाशला सापडलं. हा पुण्याचा माणूस, मस्कतच्या गाला भागातल्या एका कंपनीत स्टोअरकीपर, नऊ वर्षं एकटा राहणारा. बायको कल्पना सासूबाईंच्या आजारपणामुळे पुण्यात अडकलेली. संध्याकाळी कुकर लावला की तो भिंग घेऊन बसायचा. माझ्या खाणीचं नाव लावायचा त्याला ध्यासच लागला होता. आज लागलेलं अक्षर उद्या चुकीचं वाटायचं. "सांगशील रे बाबा कधीतरी," म्हणायचा. इतक्या वर्षांनी कोणीतरी माझी चौकशी करत होतं, मला फार बरं वाटायचं.

यंदा कल्पना महिनाभरासाठी आली. पाडव्याच्या आदल्या दिवशी तिनं देवाची तांब्या-पितळेची भांडी घासायला काढली. जयप्रकाशनं डबीत जपलेलं मीही तिला दिसलं. "किती कळकट ठेवलंय यांनी," म्हणत तिनं मला चिंच-मीठ चोळलं आणि काथ्यानं खसाखसा घासलं. मायेनंच हो. पण त्या हिरव्या थरातच माझी अक्षरं तगून होती. थर गेला, त्याबरोबर तीही गेली.

जयप्रकाश कामावरून आला, तसं तिनं मला हौसेनं त्याच्या तळहातावर ठेवलं.

"अहो, बघा कसं लखलखतंय."

त्यानं भिंग घेतलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "छान निघालंय गं."

"काय लिहिलं होतं त्यावर?"

"तेच वाचत होतो. तीन वर्षं."

कल्पनाचा चेहरा उतरला. "रोज फोनवर बोलतो आपण. एकदा तरी सांगायचं."

"काय सांगू? संध्याकाळी नाण्याशी गप्पा मारतो म्हणून?"

ती गॅस बंद करून त्याच्याशेजारी येऊन बसली.

मित्रांनो, जुन्या वस्तूला हात लावण्याआधी तिच्या माणसाला विचारा. आणि मनात काही साठलं असेल, तर ते पुसलं जायच्या आत कोणाला तरी सांगून टाका. मी आता चकचकीत आहे, आणि माझी खाण कुठली हे फक्त मला एकट्यालाच ठाऊक आहे.