आड्या की आढ्या

मी झेला. आंबे उतरवणारा. हल्ली बऱ्याच जणांना माहीत नसतं, म्हणून सांगतो, आणि एकदाच सांगतो. लांब बांबू, त्याच्या टोकाला लोखंडी कडी, कडीला सुतळीची जाळी आणि कडीच्या तोंडाशी बारकं पातं. देठ पात्यात अडकवायचा, हलका हिसका द्यायचा, आंबा जाळीत. माती लागत नाही, मार लागत नाही. मला बटण नाही आणि चार्जिंगही नाही.

मला भिमाजीनं घडवून घेतलं. त्याची जमीन हिवरे बाजारच्या अलीकडं, ओढ्याच्या काठाला. बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव झिजून तुटली होती. तिचा तुकडा लोहारानं तापवून, ठोकून, वाकवून दिला. ती माझी कडी. जाळी त्याच्या बायकोनं, मालनबाईनं विणली. त्यानंतर बांबू तीनदा बदलला, जाळी पाच-सहा वेळा. काही शहाणे विचारतात, मग हा तोच झेला कसा? तुमच्या तोंडातले दात जन्मापासून तेच आहेत का? मग गप बसा.

ओढ्याकाठी गावरान आंब्याची पाच झाडं. कलमी नाहीत, कोयीची. त्यामुळं प्रत्येकाची चव वेगळी आणि चवीवरून नाहीतर गुणावरून नाव. शेप्याला शेपूच्या भाजीसारखा वास. खोबऱ्या कच्चाच खावा, खोबऱ्यासारखा लागतो. गोटी बारका, पण गोड. लोणच्याचं काम नावातच आलं. पाचवा आड्या, सगळ्यांत थोराड. त्याच्या शेजारी पाण्याचा जुना आड होता. या झाडाच्या नावाचं पुढं सांगतो, कारण सगळा घोळ तिथंच झाला.

भिमाजी मला घेऊन झाडाखाली उभा राहिला की बोलत नसे. मान वर, तोंड बंद. कुणी मधे बोललं आणि आंबा खाली पडला, तर म्हणायचा, "झेल्याची चूक न्हाई. त्वांड उघडं ठेवनाऱ्याची चूक हाय." मला हा माणूस आवडायचा.

मग तो गेला. मालनबाईला तिची लेक भागूबाई केडगावला घेऊन गेली. धाकटा मुलगा गोरक्ष टेम्पो चालवायचा, श्रीरामपूरच्या फेऱ्या मारायचा. ओढ्याकाठची जमीन तशीच पडली, चांगली बारा वर्षं. वेडी बाभूळ माजली, घाणेरी माजली. आड गाळानं भरला. त्यात एक शेळी पडली म्हणून तो बुजवला. आंब्यांवर बांडगुळं चढली. बांडगूळ म्हणजे झाडाच्या फांदीत मूळ घालून आयतं खाणारं झाड. माणसांतही असतात, पण ती निदान जागा बदलतात.

आणि मी? माझी जाळी उंदरांनी खाल्ली. नुसत्या कडीनं माझ्याकडून काय काय करून घेतलं, विचारू नका. छपराची जळमटं काढली. टीव्हीची छत्री फिरवली. गोरक्षची बायको चांगुणा, तिनं मला दोन खांबांमधे आडवा बांधून वर्षभर कपडे वाळत घातले. गोरक्षची चड्डी माझ्या कडीवर वाळायची. बैलगाडीच्या धावेची कडी ती. असो. चांगुणा वाईट नाही. तिला कुणी सांगितलंच नव्हतं मी कोण ते.

दोन वर्षांपूर्वी गोरक्षची पाठ धरली. टेम्पो विकला आणि हा गडी पुन्हा जमिनीकडं वळला. वेडी बाभूळ तोडायला लागला तेव्हा मला बरं वाटलं. मग एके दिवशी चांगुणाला म्हणाला, "हितं कांदं साठवायला चाळ बांधू. बाकीची चार झाडं ऱ्हाऊ दी, त्यांचा पाड गोड हाय. आड्या तेवडा काडून टाकू."

पाड म्हणजे झाडावरच पिकून पडलेला आंबा. आड्याचा पाड गोरक्षनं दरवर्षी चाखला होता. बाहेरून पिवळा, आत आंबट ढाण, कोयीपाशी काळपट. "बापानं हे झाड का ठेवलं हुतं त्येच कळत न्हाई," म्हणायचा. "आडाला सावली म्हनून ठेवलं आसंल. आता आडच न्हाई तर आड्या कशाला?"

आता बघा. लहानपणी यानं याच झाडाचे आंबे ओरपून खाल्ले होते. पण घरात आंबा यायचा तो पिकलेला, टोपलीतून. कुठल्या झाडाचा, कसा पिकवला, हे कोण विचारतं? खाणाऱ्याला नुसतं तोंड असतं. मी गोठ्याच्या वाशाला टांगलेला, मला सगळं माहीत होतं. पण झेल्याला विचारायची पद्धत नाही.

लाकडाचा व्यापारी काकासाहेब येऊन झाड बघून गेला. बुंध्याला हात लावून म्हणाला, "झाड लई चांगलं हाय, पाव्हनं." तोडायला आलेला माणूस नेहमी झाडाची स्तुती करतो. पुढच्या आठवड्यात मशीन घेऊन यायचं ठरलं.

नेमकी त्याच आठवड्यात मालनबाई आली. भागूबाईच्या नातीचं लग्न उरकलं होतं आणि म्हातारीला फ्लॅटचा कंटाळा आला होता. ऐंशीच्या पुढची, पण काठी टेकत थेट ओढ्यावर गेली. वैशाख होता. आड्या गच्च लागलेला.

"आये, तेवडं झाड काडतोय," गोरक्ष म्हणाला. "आंबट हाय ते."

"कोन म्हनलं आंबट?"

"मी म्हनतो. बारा वर्सं खातोय."

"कसा खातोस?"

"कसा म्हंजी? पडला की उचलून."

मालनबाई त्याच्याकडं बघतच राहिली. "गोरक्षा, आरं त्यो आड्या हाय."

"व्हय, आड्याच. आडापाशी हाय म्हनून आड्या."

"आडापाशी न्हाई रं येड्या. आडीचा. आडीत घालायचा म्हनून आड्या."

चांगुणाच्या डोक्यात उजेड पडला. ती श्रीरामपूरकडची, दहावी शिकलेली. "आवं, आत्याबाई आढी म्हनत्यात. ढ, ढगातला ढ. गवतात आंबं पिकायला ठेवत्यात ती आढी. झाडाचं नाव आढ्या हाय."

हे असं आहे बघा. आमच्याकडं ढ म्हणताना जीभ ड वरच थांबते. घरात म्हणायचे आड्या, मनात असायचा आढ्या. माहीत असलेली माणसं होती तोवर काही बिघडलं नाही. ती गेली, आणि शेजारी आड होताच. गोरक्षनं जवळचा अर्थ उचलला. एका अक्षरापायी शंभर वर्षांचं झाड करवतीखाली चाललं होतं.

गोरक्ष हट्टी, बापासारखा. "आडीत घातल्यानं आंबट आंबा काय गोड हुतुय व्हय? त्यो काय साखर कारखाना हाय?"

"धा दिस थांब," म्हातारी म्हणाली. "न्हाई झाला गोड तर मीच पयली कुऱ्हाड घालती."

"काकासाहेबाला काय सांगू?"

"सांग, आई आलीय. आनि माजा झेला कुटं हाय?"

चांगुणा गोरीमोरी झाली. माझ्यावर तेव्हा दोन टॉवेल आणि एक परकर होता. मालनबाईनं ते काढून बाजूला टाकले, माझ्या कडीवरून अंगठा फिरवला आणि सुनेला म्हणाली, "ह्याच्यावर धुनं? तुज्या सासऱ्यानं बघितलं असतं तर तुला न्हाई, मला बोलला असता." त्या दुपारी तिनं नवी जाळी विणली. घरात सुतळी नव्हती, म्हणून निळ्या नायलॉनची. मला तो रंग अजून पटलेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बारा वर्षांनी आढ्याच्या पानांत शिरलो. चांगुणानं मला धरलं होतं. पहिले दोन आंबे पडले, कारण ती म्हातारीशी बोलत होती. मग गप झाली आणि नंतर एकही पडला नाही. मालनबाई खाली बसून सांगत होती: देठ बोटभर ठेव, चीक गळू दे, डाग असलेला आढीत घालू नको. गोरक्ष लांब उभा राहून बघत होता. शेवटी टोपल्या उचलायला आलाच.

खोलीच्या कोपऱ्यात गवत पसरलं, त्यावर आंबे, वर पुन्हा गवत, मग गोणपाट. म्हातारीनं बजावलं, "रोज उगडून बगायचं न्हाई." गोरक्षनं रोज उघडून बघितलं. चौथ्या दिवशी तिनं त्याच्या हातावर चापट मारली. पंचेचाळीस वर्षांचा बाप्या, पण मारली.

अकराव्या दिवशी काकासाहेब मशीन घेऊन दारात. त्याच दिवशी आढी उघडली. वास अंगणात आला तसं त्यानं मशीन खाली ठेवलं. मालनबाईनं सगळ्यांपुढं एकेक आंबा ठेवला. मी वळचणीला होतो. मला खाता येत नाही, पण माणसाचं तोंड वाचता येतं.

गोरक्षनं एक चोखला. दुसरा घेतला. रस कोपरापर्यंत ओघळला तरी पुसेना. तिसरा संपल्यावर, खाली बघतच म्हणाला, "कोयी टाकू नका कुनी."

काकासाहेबानं हात धुतले. "मग माजं काय? मशीन आनलंय."

"वेडी बाभूळ न्या सगळी," गोरक्ष म्हणाला. "आढ्याला हात लावू नका."

ढ त्याला पहिल्यांदाच जमला.

चाळ मग बाभळीच्या मोकळ्या जागेत झाली. आंबे उतरवून झाल्यावर गोरक्षनं पाचही झाडांची बांडगुळं फांदीच्या टोकासकट कापली. बुंध्यांना मोरचूद-चुन्याचा लेप दिला, आळी केली. कोयी गोठ्यामागं लावल्या. पंधरा उगवल्या. कोयीची झाडं, कशी निघतील सांगता येत नाही. चवीला येतील तेव्हा त्यांना नावं ठेवू.

चांगुणानं उरलेल्या चुन्यानं बुंध्यावर मोठं नाव लिहिलं. मालनबाईला वाचता येत नाही. तिनं विचारलं, "काय लिवलंस?"

"आढ्या," चांगुणा म्हणाली.

"आड्याच की. मी काय येगळं म्हनत हुते?"

मालनबाई आता इथंच असते. मी वळचणीला दोन खुंट्यांवर असतो, आणि माझ्यावर काही वाळत घालायची कुणाची टाप नाही. यापरतं मला काही नको.

तुम्हाला सांगायचं ते एवढंच. तुमच्या रानात एखादं जुनं झाड असेल, तर तोडायच्या आधी त्याचं नाव विचारा. नुसतं नाव नको, ते का पडलं तेही विचारा, आणि सांगणारं माणूस आहे तोवर विचारा. आमच्याकडं यायचं तर वैशाखात या. पण झाडाखाली पडलेला आंबा उचलून, चावून, नाक मुरडायचं नाही. दहा दिवस थांबायची तयारी असेल तरच या.