मिठाच्या काथवटीत दूध

मी काथवट आहे. पण पीठ मळायची नव्हे, मांस खारवायची. माणूसभर लांब, होडीसारखी कोरलेली, एका टोकाला खारं पाणी वाहून जायला खाच. सेरिदोच्या कोरड्या मुलखात माझी हयात गेली. तिथला वारा इतका कोरडा, की माणूस शिंकला तर शेजारणीच्या अंगणात धूळ उडते.

मला झुल्मिराच्या बापाने उंबुरानाच्या खोडातून कोरलं. त्या खोडात मधाचं पोळं होतं, म्हणून पहिली तीन वर्षं माझ्यातलं मांस किंचित गोड लागायचं. कोणाला पटत नाही. पण मी कशाला खोटं बोलू? मला का लग्न जमवायचंय?

बाप गेला आणि मी झुल्मिराकडे आले. तिच्यासारखा हात मी पाहिला नाही. गुराच्या मांडीचा मोठा तुकडा ती पाटावर घ्यायची आणि पुस्तक उघडावं तसा सुरीने उलगडत न्यायची, चादरीएवढा होईपर्यंत. मग जाडं मीठ चोळून चादरी एकावर एक माझ्यात रचायच्या. सहा तासांनी खालची वर, वरची खाली. खाचेतून पाणी ठिबकू लागलं की बोट बुडवून जिभेला लावायचं. त्या एका बोटावर सगळा निकाल. पुरे म्हणाली की चादरी ओसरीतल्या दोरीवर, सावलीत, वाऱ्याला. तिसऱ्या दिवशी निखाऱ्यावर.

तिची सून इव्होनेती समुद्रकाठची. एकोणीस वर्षं या घरात, पण मिठाला हात लावायची परवानगी नाही.

"तुम्हा मासेखाऊंना मिठातलं काय कळणार?" झुल्मिरा म्हणायची. "तुमच्याकडे समुद्रच मीठ घालून देतो."

"आणि तुमच्याकडे नदीसुद्धा सुकवून ठेवतात, आई," इव्होनेती म्हणायची आणि कांदा चिरत राहायची.

आता खरी गोष्ट. दर जुलैत संत आनाच्या जत्रेला झुल्मिराची धाकटी बहीण दालवासी साओ पावलोहून यायची. गेली दोन वर्षं तिचा एकच धोशा. "ताई, वय झालं तुझं. यंदा मिठाचा हात जरा जरी चुकला ना, तर बॅग भरायची आणि माझ्याकडे यायचं. बाराव्या मजल्यावर राहा. लिफ्ट आहे."

"बाराव्या मजल्यावर कबुतरं राहतात," झुल्मिरा म्हणायची. पण त्या दिवशी तिचा हात माझ्या काठावर जरा जास्त वेळ राहायचा. आपल्या अंगणातून उठून परक्या खिडकीत बसायचं, याचीच तिला धास्ती.

त्या वर्षी जत्रेआधीच्या शुक्रवारी तिने अकरा किलो मांस खारवलं. सहा तासांनी चादरी उलटल्या, बोट बुडवलं, जिभेला लावलं. पुन्हा लावलं. मग भिंतीकडे बघत बसली. मीठ बरोबर होतं. चाळीस वर्षं मीठ प्यायलेलं लाकूड आहे मी, मला कळतं. तिने आणखी दोन मुठी टाकल्या. तासाने पुन्हा बोट, पुन्हा दोन मुठी. मी ओरडले असते, पण लाकडाला फार तर तडकता येतं, आणि तडकायलाही वेळ लागतो.

रविवारी पहाटे इव्होनेतीने दोरीवरच्या मांसाची एक कड कापून निखाऱ्यावर भाजली आणि तोंडात टाकली. तोंडातून काढली. एकोणीस वर्षांच्या टोमण्यांचा वचपा काढायला याहून चांगला दिवस मिळाला नसता, कारण दालवासी आतल्या खोलीत घोरत होती.

इव्होनेती शेजारच्या गोठ्यात गेली आणि आठ लिटर दूध घेऊन आली. सगळं मांस माझ्यात घालून वर दूध ओतलं. दूध मीठ ओढून घेतं. पण मिठाच्या काथवटीत दूध घालत नाहीत, लाकूड आंबतं, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. तिलाही ठाऊक होतं. पण अकरा किलो मावेल असं दुसरं भांडं घरात नव्हतं.

दोन तासांनी झुल्मिरा उठून आली.

"हे काय?"

"दूध."

"दिसतंय. डोळे शाबूत आहेत माझे."

"मांसावर पाल पडली होती. म्हणून धुतलं."

"एका पालीला आठ लिटर दूध?"

"मोठी होती."

झुल्मिरा स्टुलावर बसली.

"फार खारट होतं?"

"समुद्रकाठी वाढलेय मी. त्याच्याहून जरा जास्त."

"डिसेंबरच्या तापापासून," झुल्मिरा म्हणाली. "काही म्हणता काही लागत नाही जिभेला. कॉफीसुद्धा आठवणीवर पिते." मग हळूच, "दालवासीला सांगशील?"

"मी? तुम्ही बाराव्या मजल्यावर गेलात तर भांडू कोणाशी? तुमच्या जेनिवालशी? नवरा आहे माझा, पण त्याच्याशी भांडणं म्हणजे खांबाशी भांडणं."

दुपारी मांस निखाऱ्यावर चढलं. वरून बाटलीतलं पातळ लोणी, शेजारी उकडलेले कसाव्याचे कंद. दालवासीने पहिला घास घेतला. झुल्मिराने डोळे ताटातून वर केले नाहीत.

"ताई," दालवासी चावत म्हणाली, "मीठ जरा बेताचंच आहे. पण लोण्यासारखं मऊ झालंय गं. काय केलंस?"

झुल्मिराला गप्प बसता आलं असतं. "मी नाही," ती म्हणाली. "सुनेने दुधात भिजवलं. तिची पद्धत आहे."

जेनिवालचा घास हातातच राहिला. आईने बायकोची तारीफ केलेली त्याने आयुष्यात ऐकली नव्हती. इव्होनेती पाणी आणायच्या निमित्ताने आत गेली आणि बराच वेळ आलीच नाही. जत्रा संपली, दालवासी बसने एकटीच परत गेली.

मी मात्र आंबले. धुतलं, राख चोळली, उन्हात ठेवलं. वास गेला नाही, वर एक भेग पडली. आता परसात पडून आहे. माझ्यात कोंबड्या अंडी घालतात आणि उगाच ओरडतात, जणू माझ्यावर उपकारच केले. माझी तक्रार नाही. लाकूड कधी ना कधी चुलीत जातंच, मी तर अजून बाहेर आहे.

आत नवी काथवट आलीय. शुक्रवारी तिच्यावर दोघी वाकतात. झुल्मिरा उलगडते, चोळते, रचते. बोट इव्होनेतीचं.

"काय म्हणतंय?"

"अजून एक मूठ."

"कोणाची मूठ? तुझी की माझी?"

"तुमची. माझ्या मुठीत राहतं काय? मासे खाऊन वाढलेली मूठ ही."

"मग नीट चाख. गिळू नकोस नुसती."

आवाज परसापर्यंत येतो. ती नवी काथवट कोवळी आहे, या आरडाओरड्याने घाबरत असेल. माझा आवाज तिथवर पोचत नाही. तुम्ही कधी त्या स्वयंपाकघरात गेलात तर तिला माझा एवढा निरोप द्या: भिऊ नकोस, बाई. दोघी भांडतायत तोवर मीठ बरोबर आहे.