अकरा वर्षे कोरी

मी एक जुनी वही आहे, मित्रांनो. छापखान्यात उरलेले कागद जुळवून बाइंडरकाकांनी मला शिवले आणि मुद्रिते तपासणाऱ्या ताईंच्या हातात ठेवले. "लिहा काहीतरी," ते म्हणाले.

ताईंनी अकरा वर्षे एक ओळ लिहिली नाही. दिवसभर इतरांच्या चुका शोधायच्या आणि डबा खातानाही पुस्तकात डोके! वाचून झालेल्या पुस्तकांची चळत माझ्यावर चढत गेली. मी कोरीच पिवळी पडले.

एकदा त्यांनी एका कथेला वेगळा शेवट सुचवला. छापखान्याचे मालक सगळ्यांसमोर हसले. "ताई, तुम्ही काना-मात्रा बघा. लिहिणं तुमचं काम नाही."

दुसऱ्याच दिवशी ताईंनी मला चळतीखालून ओढून काढले आणि घरी नेले. आता फक्त लिहायचे, म्हणून वाचन पार बंद! आठ-दहा पाने भराभर झाली. मग तीच तीच वाक्ये येऊ लागली. शेवटी वैतागून त्यांनी मला रद्दीवर भिरकावले. खरे सांगते, मला रागच आला. एवढी वर्षे थांबले ती यासाठी?

त्यांच्या मुलीने मला उचलून वाचले.

"आई, दोन महिन्यांत एक पुस्तक उघडलं नाहीस. सुचणार कुठून? आधी नुसतं वाचायचीस, आता नुसतं लिहितेस. दोन्ही कर की!"

"वेळ कुठाय?"

"जेवणाची सुट्टी आहे ना."

तेव्हापासून अर्धी सुट्टी पुस्तकाला, अर्धी मला. मालक कुरकुरले. "सुट्टी माझी आहे," ताई मान वर न करता म्हणाल्या. त्या लिहीत होत्या स्वतःच्या आईबद्दल. ती आयुष्यभर रेल्वेचे फलाट झाडत आली होती.

एका दुपारी मालकांनी मला उघडले आणि उभ्या उभ्या वाचतच राहिले. मग एका शब्दावर बोट ठेवले.

"हे 'टेशन' चुकलंय. 'स्टेशन' हवं."

"माझी आई टेशनच म्हणायची. ते तसंच राहील."

मालकांनी पुढचे पान उलटले.

मित्रांनो, आज माझे कोपरे दुमडले आहेत, अंगभर खाडाखोड आहे. मला कोणी नव्यासारखे जपले नाही, हेच माझे भाग्य! तुमच्याही घरी एखादी कोरी वही असेल. तिला कव्हर घालून कपाटात कोंडू नका. रोज थोडे वाचा, मग तिला उघडा आणि खुशाल खराब करा.